बेसबॉलचा ब्रॅडमन कोण?

ऑफस्टंप:

नमस्कार मंडळी. मी क्रिकेटवर वाढलेली. नोकरीसाठी न्यू जर्सीत आले आणि ऑफिसातल्या दोघांमुळे बेसबॉल बघायला लागले. नियम आता बऱ्यापैकी कळतात. अडलंय ते दुसरीकडेच.

या दोघांचं रोज जेवणाच्या सुट्टीत एकच भांडण: सगळ्यांत थोर खेळाडू कोण? एक यँकीज या न्यू यॉर्कच्या संघाचा चाहता, यँकीजवाला आहे, तो बेब रुथच्या पुढे जायलाच तयार नाही. दुसरी म्हणते, चेंडूही टाकणारा आणि बॅटिंगही करणारा शोहेई ओहतानी आल्यावर हा प्रश्नच उरलेला नाही. क्रिकेटमध्ये वाद कितीही रंगला तरी शेवटी कुणीतरी ब्रॅडमनची सरासरी, ९९.९४, म्हणतं आणि बाकीचे दुसऱ्या नंबरसाठी भांडायला लागतात. बेसबॉलमध्ये असा एक आकडा, असा एक माणूस आहे का?

इथे बरीच वर्षं बेसबॉल बघणारं कुणी असेल तर सांगा. तक्ते मी वाचलेत. बघणाऱ्याचं मत हवंय.

नाबाद_राहा:

बेब रुथ. १९२० साली एकट्याने ५४ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे सीमेपार फटके) मारले. अमेरिकन लीगमधल्या (सर्वोच्च पातळीच्या 'मेजर लीग'च्या दोन भागांपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) बाकीच्या सात संघांपैकी एकाही अख्ख्या संघाला त्या वर्षी तेवढे जमले नाहीत. १९२७ साली ६० मारले, तेव्हाही तेच. आणि १९३२ मध्ये खुद्द ब्रॅडमन न्यू यॉर्कला गेला होता, तेव्हा यँकी स्टेडियममध्ये दोघांनी शेजारी बसून सामना पाहिलाय. ऑफिसातला यँकीजवाला बरोबर आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

सेंटरफील्ड:

एवढ्यात नको हो बंद करू.

मी ऑकलंडच्या बाजूला राहतो, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून. तेव्हा रिकी हेंडरसनला पाहिलं, पुढे खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत बॅरी बॉन्ड्सला पाहिलं. रुथ, विल्यम्स, मेज ही मंडळी माझ्यासाठी ऐकीव आणि वाचीव. म्हणून एक सवय लावून घेतलीय: विक्रम कुणी सांगितला की आधी विचारायचं, कोणत्या चेंडूने आणि कुणाविरुद्ध?

रुथचंच घ्या. १९१९ पर्यंत एकच चेंडू डावामागून डाव चालायचा. पिचर (चेंडू टाकणारे) त्यावर थुंकायचे, तंबाखू फासायचे, माती चोळायचे. दुपारनंतर तो काळपट, मऊ गोळा बॅटरला धड दिसतही नसे. १९२० च्या मोसमाआधी थुंकीचा चेंडू बंद झाला. ज्यांचं पोटच त्यावर होतं अशा १७ पिचरांना तेवढी सूट मिळाली. मग त्याच ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजचा (विली मेजशी काही संबंध नाही) चेंडू क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्यात बसला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मेजर लीगच्या सामन्यात चेंडू लागून मेलेला तो एकमेव खेळाडू. हेल्मेट यायला त्यानंतर काही दशकं लागली, पण मळका चेंडू बदलायचा हे अंपायरांना तेव्हापासून कळलं. म्हणजे रुथ यँकीजकडे आला आणि चेंडू पांढरा झाला, हे एकाच वर्षात घडलं. बॉस्टनने त्याला १ लाख डॉलरला विकलं ते याच्या जरा आधी.

यात रुथ लहान होत नाही. तो त्याआधी बॉस्टनचा पहिल्या प्रतीचा पिचर होता, पिचर म्हणून तिथे ८९ सामने जिंकलेला. हे तक्त्यात असतं, पण होम रनच्या ओझ्याखाली कुणी तिकडे बघत नाही.

खरी अडचण 'कुणाविरुद्ध' या प्रश्नाची. रुथ ज्या मेजर लीगमध्ये खेळला तिथे कृष्णवर्णीय खेळाडूला दार बंद होतं. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनकडून उतरला तोवर बंदच. आणि त्या दाराबाहेर कोण उभं होतं? जॉश गिब्सन. कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधल्या (थोर खेळाडूंचं सन्मानदालन) त्याच्या पाटीवर जवळजवळ ८०० होम रन म्हणून लिहिलंय. अधिकृत नोंदीत मात्र दोनशेही भरत नाहीत, कारण बाकीचे गावोगाव फिरून खेळलेल्या सामन्यांतले, त्यांचा हिशोब कोण ठेवणार? रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी, जानेवारीत, गिब्सन वारला. ३५ वर्षांचा होता.

मेजर लीगला निग्रो लीगचे (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे) आकडे आपल्या दप्तरात घ्यायला २०२४ उजाडलं. घेतले आणि दुसऱ्या दिवशी कारकिर्दीच्या सरासरीत तोवर पहिला असलेला टाय कॉब दुसरा झाला. पहिला गिब्सन, .३७२, म्हणजे हजार प्रयत्नांत ३७२ हिट (यशस्वी फटके). जे आकडे आपण शंभर वर्षं दगडावरची रेघ समजत होतो ते असे हलले. तेव्हा ९९.९४ सारखा आकडा इथे शोधू नका.

मला आकड्यांतला सगळ्यांत देखणा वाटतो तो बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचा .४०६, साल १९४१. शेवटच्या दिवशी त्याची सरासरी होती .३९९५५, म्हणजे तीन आकड्यांत .४००. मॅनेजरने सांगितलं, बसायचं तर बस. फिलाडेल्फियात त्या दिवशी दोन सामने होते. हा दोन्ही खेळला आणि ८ पैकी ६ हिट मारले. त्यानंतर आजवर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणी मोसमभर .४०० गाठलेलं नाही. शिवाय आज बॅटर झेलबाद होऊन धाव आली तर तो चेंडू सरासरीत धरत नाहीत, १९४१ मध्ये धरत होते. आजच्या नियमाने तो .४०६ च्या वर गेला असता. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला जो डिमॅजिओ, सलग ५६ सामन्यांत हिट मारले म्हणून! मतदान करणारे पत्रकार तेव्हाही तसेच.

पण विल्यम्स मला आवडतो तो दुसऱ्या कारणाने. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या समारंभात त्याने भाषणात सांगून टाकलं की निग्रो लीगचा पिचर सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन इथे असायला हवेत, त्यांना संधी दिली नाही एवढंच कारण आहे. समोर सगळे पदाधिकारी बसलेले. पेजला १९७१ मध्ये घेतलं, गिब्सनला १९७२ मध्ये.

आता माझं उत्तर: विली मेज.

माझा इथला पहिला घरमालक बर्मिंगहॅम, अलाबामाचा, कृष्णवर्णीय गृहस्थ. मला स्कोअरकार्ड भरायला त्यानेच शिकवलं. पोरवयात त्याने रिकवुड फील्डवर सतरा वर्षांचा मेज पाहिला होता, १९४८ साली, ब्लॅक बॅरन्स संघात. गोऱ्यांचा बॅरन्स संघ बाहेरगावी गेला की त्याच मैदानावर हे खेळत. गंमत बघा, तो गोऱ्यांचा बॅरन्स बॉस्टन रेड सॉक्सच्या ताब्यातला संघ. मेज त्यांच्या अंगणात खेळत होता आणि त्यांनी घेतला नाही. संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेणाऱ्यांत रेड सॉक्स सगळ्यांत शेवटचे, १९५९. विल्यम्सच्या शेजारी सेंटर फील्डला (मागच्या मैदानाच्या मध्यभागी) मेज उभा राहिला असता! या एका गोष्टीवर माझा घरमालक तासभर बोलू शकायचा आणि बोलायचा.

आणि तो झेल तुम्हाला माहीत असेलच. वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका), १९५४, पहिला सामना, पोलो ग्राउंड्स. क्लीव्हलँडने त्या मोसमात १५४ पैकी १११ सामने जिंकलेले. आठवा डाव, २-२, एकही बाद नाही, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर (धाव पुरी करायच्या टप्प्यांवर) माणसं. विक वर्ट्झ, त्या दिवशी त्याला कुणी थांबवू शकत नव्हतं, त्याने सेंटरला खणखणीत ठेवून दिला, सव्वाचारशे फुटांच्या आसपास. मेज पाठ फिरवून पळत सुटला आणि डोक्यावरून येणारा चेंडू पाठमोराच झेलला. लोक इथे थांबतात. खरं काम पुढे आहे: झेलता झेलताच वळून त्याने चेंडू आत फेकला, टोपी उडाली, स्वतः पडला. दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी चांगला पळणारा. तो दोन बेस घेऊन घरी आला असता. तो तिसऱ्यावर अडकला आणि धाव झालीच नाही. डॉन लिडल या पिचरला एवढ्या एका बॅटरसाठी आणलं होतं, त्याला लगेच काढलं. आपला माणूस मी बाद केला, असं तो नंतर ऐटीत म्हणाला म्हणे.

दहाव्या डावात डस्टी ऱ्होड्सने उजव्या कडेला एक उंच फटका मारला. त्या मैदानाची उजवी कड फक्त २५८ फुटांवर. चेंडू जेमतेम पलीकडे पडला, होम रन, सामना मेजच्या न्यू यॉर्क जायंट्सचा. मग सिरीजही चार-शून्य.

स्कोअरकार्डात प्रत्येक जागेला नंबर असतो, सेंटर फील्डचा ८. त्या झेलाची नोंद काय? '८'. सरळ हातात आलेल्या झेलाची हीच नोंद. वर्ट्झच्या नावावर एक बाद, ऱ्होड्सच्या नावावर होम रन. मेज आकड्यांत पूर्ण मावत नाही म्हणतो ते यासाठी.

आकडेमोड:

लेख छान आहे, पण भावनेवर चाललाय.

रुथची सरासरी .३४२, मेजची .३०१. होम रन ७१४ विरुद्ध ६६०. धावा, बेस, बचाव सगळं एकत्र करून 'या खेळाडूमुळे संघाने किती सामने जास्त जिंकले' असा जो आकडा काढतात (वॉर), त्यात रुथ सगळ्यांच्या वर आहे, पिचिंग धरून. एका झेलावर माणूस पहिल्या नंबरला बसवायचा असेल तर संपलंच.

आणि गिब्सनचे .३७२ छोट्या मोसमांतले आहेत. मेजर लीगमध्ये १५४ सामने खेळून ती सरासरी टिकली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. 'संधी मिळाली असती तर' हा आकडा नसतो.

बॉन्ड्सचं नाव तुम्ही पहिल्या ओळीनंतर सोयीस्कर गाळलंत तेही लिहा. ७६२ होम रन.

सेंटरफील्ड:

एका झेलावर नाही हो. मेजने स्वतःही तो आपला सर्वोत्तम झेल मानला नाही. १९५६ ते ५९ ओळीने चार वर्षं नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठणं), १९५५ मध्ये ५१ होम रन आणि दहा वर्षांनी, चौतिशीत, ५२. मधली बरीच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये. तिथला वारा मी खाल्लाय. जुलैच्या रात्री तिथे दोन स्वेटर घालून बसावं लागे आणि डावीकडे उंच मारलेला चेंडू वारा परत आणून फील्डरच्या हातात द्यायचा. मेज उजव्या हाताचा बॅटर, त्याचे किती गेले असतील देव जाणे. त्याआधी १९५२ चं बहुतेक वर्ष आणि १९५३ पूर्ण सैन्यात. रुथचे ७१४ आधी त्याने गाठले असते की पुढे ते खरोखर ओलांडणाऱ्या हँक ॲरनने, यावर आमच्याकडे अजून वाद होतात.

छोट्या मोसमाचा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि त्यावर 'असतं तर' न म्हणता उत्तर देता येतं. दार उघडल्यावर काय झालं ते बघा. १९४९ ते १९५९, नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. ११ वर्षं. रॉबिन्सन, कॅम्पनेला तीनदा, मेज, न्यूकम, ॲरन, बँक्स दोनदा. म्हणजे ११ पैकी ९ वेळा कृष्णवर्णीय, सहा माणसं, आणि सहाही निग्रो लीगमधून आलेली! हे असतं-नसतं नाही, झालेलं आहे. आधीच्या तीस वर्षांत त्या लीगमध्ये असे किती होते याचा अंदाज यावरून बांधा. सॅचेल पेजला मेजर लीगने १९४८ मध्ये आत घेतलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. तरी क्लीव्हलँडला त्या वर्षी त्याचा उपयोग झाला. १९६५ मध्ये ५९ व्या वर्षी कॅन्सस सिटीने त्याला एका सामन्यात उतरवलं, तमाशा म्हणूनच, गर्दी जमावी म्हणून. त्याने तीन डाव टाकले, एकच हिट दिला.

रुथची सरासरी त्या बंद खोलीतली आहे. मेजची उघड्या मैदानातली. .३४२ आणि .३०१ एका खाली एक लिहून वजाबाकी करता येत नाही.

बॉन्ड्स. गाळला नाही, त्याच्याबद्दल लिहायला बसलं की माझंच मला पटत नाही. एवढा भीतीदायक बॅटर मी डोळ्यांनी दुसरा पाहिलेला नाही. १९९८ मध्ये ॲरिझोनाने नवव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना त्याला मुद्दाम वॉक (न खेळता पहिला बेस) दिला. म्हणजे एक धाव फुकट दिली, पण त्याला खेळू दिलं नाही, आणि सामना जिंकला. २००४ मध्ये १२० वेळा मुद्दाम वॉक. स्टेडियममध्ये चाळीस हजार लोक ओरडताहेत आणि कॅचर उभा राहून बाजूला हात पसरतोय, हे मी इतकं पाहिलंय की शेवटी शेवटी तिकिटाचे पैसे फुकट गेल्यासारखं वाटायचं. पण त्या वर्षांवर स्टेरॉइडची सावली आहे, पत्रकारांनी दहा वर्षं त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं नाही, आणि त्याच्या एका मोसमातल्या ७३ होम रनच्या पुढे मला काय लिहावं ते कळत नाही. त्याआधीचा, पिट्सबर्गचा सडपातळ बॉन्ड्स तरीही थोर होता, हे मात्र ठासून सांगेन. मेज त्याचा गॉडफादर. डाव्या फील्डमधली त्याची चाल बघितली की ते लगेच ओळखू यायचं.

वॉरबद्दल एवढंच: १९५४ मधली फील्डिंग आज कागदावरून मोजतात. मोजणाऱ्यांबद्दल आदर आहे. माझा घरमालक न मोजता बोलायचा आणि मला त्याचं जास्त पटलं.

ऑफस्टंप:

काका (म्हटलं तर चालेल ना?), स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या ग्रुपवर भाषांतर करून टाकतेय. पण ओहतानीचं काय? ती मैत्रीण मला सोडणार नाही. आणि पिचर मंडळी कुणाच्याच यादीत का नाहीत?

सेंटरफील्ड:

काका चालेल.

ओहतानीला मी एंजल्सकडून ऑकलंडला यायचा तेव्हा पाहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिलवॉकीविरुद्ध त्याने एकाच सामन्यात सहा डाव शून्य धावांत टाकले, १० जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि वर तीन होम रन मारले. एखाद्या खेळाडूचा याहून चांगला एक दिवस मला तरी माहीत नाही. रुथ दोन्ही कामं नेमाने फार थोडी वर्षं करत होता, यँकीजकडे आल्यावर पिचिंग जवळजवळ सुटलंच. आणि रुथच्या काळी चेंडू टाकणारे आजच्यासारखे ताशी शंभर मैलांवर रोज नव्हते. एका दिवसाचा, एका मोसमाचा प्रश्न असेल तर तुमच्या मैत्रिणीला मत देतो. कारकिर्दीचा असेल तर थांबा, ती अजून चालू आहे.

फक्त एक चूक तिला दाखवा. 'रुथनंतर शंभर वर्षांनी ओहतानी' असं सगळे लिहितात. मध्ये बुलेट रोगन होता, कॅन्सस सिटी मोनार्क्सचा. पिचर म्हणून पहिल्या रांगेत आणि उरलेल्या दिवशी बॅटिंगला मधल्या फळीत. क्यूबाचा मार्तिन दिहिगो तर जवळजवळ सगळ्या जागी खेळायचा. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पुन्हा तेच दार, पुन्हा तेच गाळणं.

पिचर यादीत नाहीत कारण ते पाच दिवसांतून एकदा येतात, एवढं साधं आहे. पण तुम्हाला ९९.९४ सारखा धक्काच हवा असेल तर तो पिचरमध्येच आहे: पेद्रो मार्तिनेझ, बॉस्टन, २०००. नऊ डावांमागे १.७४ धावा दिल्या, त्या वर्षी लीगची सरासरी पाचला टेकलेली. स्टेरॉइडचा भर बहर, छोटं फेनवे पार्क, आणि हा सहा फुटांहूनही कमी उंचीचा माणूस. कोफॅक्स, बॉब गिब्सन थोरच. पण बॉब गिब्सनच्या १९६८ मधल्या १.१२ वेळी सगळेच पिचर वरचढ होते, इतके की पुढच्या वर्षी माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंचांवरून १० वर आणला. पेद्रोला कुणाचीच मदत नव्हती.

आणि रिकीबद्दल लिहायचं राहिलंच. १ मे १९९१, ऑकलंड, दुपारचा सामना. रिकी हेंडरसनने तिसरा बेस चोरला, ९३९ वा, लू ब्रॉकचा विक्रम मोडला, बेस उपटून डोक्यावर धरला आणि माइकवर सांगितलं की आज मी सर्वांत थोर आहे. ब्रॉक शेजारी उभा! माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा नम्रतेबद्दल काहीतरी पुटपुटले, बाकी आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो. रात्री बातम्या लावल्या तर टेक्सासमध्ये ४४ वर्षांच्या नोलन रायनने सातवा नो-हिटर (एकही हिट न देता अख्खा सामना) टाकलेला. रिकीला दुसऱ्या दिवशीचा मथळासुद्धा वाटून घ्यावा लागला. पुढे तो १,४०६ वर थांबला. आज चेंडू टाकायला घड्याळ लावलंय, बेस मोठे केलेत, पळणाऱ्याला सगळं सोपं केलंय, तरी त्याच्या आसपास कुणी नाही. आकड्यांतला ब्रॅडमन शोधायचाच असेल तर बॅटरांत शोधू नका, पळणाऱ्यांत शोधा.

आकडेमोड:

११ पैकी ९ हे मी तपासलं. बरोबर आहे. वॉर तरीही सोडत नाही. रिकीबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही.

नाबाद_राहा:

एवढं वाचून मी अजून रुथवरच आहे.

सेंटरफील्ड:

राहा की. फक्त १९२० चे ५४ सांगू नका, १९१९ चे २९ सांगा. बॉस्टनकडून, मळक्या चेंडूवर, पिचिंग सांभाळून. तेव्हाचा तोही विक्रमच होता, आणि तुमची बाजू मांडायला तो ५४ पेक्षा जास्त उपयोगी पडेल.